शिव्यांसकट एक ग्रीक इतिहासकार

मागच्या हिवाळ्यात आमच्या नेपरव्हिलच्या घरात, जेवणाच्या टेबलावर एक ग्रीक इतिहासकार येऊन बसला आणि सात आठवडे हलला नाही. त्याला मरून सव्वादोन हजार वर्षं होऊन गेलेली असल्यामुळे चहापाण्याचा त्रास नव्हता. पण टेबल त्याने पुरतं बळकावलं. मी आणि नवरा किचनच्या काउंटरशी उभ्याने जेवायला लागलो.

त्याला घरी आणलं ते मुलीने. तिची पीएचडी या बाबावर आहे. शेवटचं वर्ष. डिसेंबरात युनिव्हर्सिटीच्या पार्किंग लॉटमध्ये ती बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर, टायपिंग बंद आणि प्रबंधाचे दिवस भरत आलेले. तिचे बाबा अडीच तास गाडी चालवत गेले आणि तिला, तिच्या पुस्तकांच्या नऊ खोक्यांसकट घेऊन आले. वाटेत मी फोन करून विचारलं, जेवायला काय करू? ती म्हणाली, काहीही चालेल. आमच्या दोघींत सात वर्षं हेच चाललं होतं. भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं, नुसतं काहीही चालेल.

सात वर्षांपूर्वी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात, तिने कॉम्प्युटर सायन्स सोडून ग्रीक आणि लॅटिन घेतलं. आम्ही दोघंही नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघालेली माणसं. नवरा म्हणाला, बरं. त्याचं सगळ्यालाच बरं असतं. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. मी बरंच काही बोलले. तेही एक वेळ निभावलं असतं, कारण माझ्या तोंडाची घरात सगळ्यांनाच सवय आहे. पण त्यानंतर दोन आठवड्यांनी मंडळाच्या गणपतीत एकीने सहज विचारलं, काय करतेय लेक? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, डेटा सायन्स.

का निघालं, विचारू नका. समोर चार बायका उभ्या होत्या आणि चौघींची मुलं काय करतात ते मला पाठ होतं. एकदा सांगितलं की ते सांभाळावंही लागतं. पुढच्या वर्षी मी तिला एक इंटर्नशिप दिली. त्याच्या पुढच्या वर्षी, कंटाळून तिने रिसर्च घेतला असं सांगितलं, ते निदान अर्धं खरं होतं.

मुलीला हे एका दिवाळीत कळलं. एक काकू तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, तुझ्याच लाइनमध्ये आहे माझा मुलगा, त्याचा रेझ्युमे बघशील का गं? मी तीन हातांवर उभी होते. मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काकूंना म्हणाली, हो, पाठवा ना. घरी आल्यावर सरळ वर निघून गेली. त्यानंतर कुठे बोलावलं की यायची, कोपऱ्यात बसायची, कोणी विचारलं तर "चाललंय छान" म्हणायची. मी मनाशी म्हटलं, चला, तिलाही हे सोयीचंच दिसतंय. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो, त्याचं मला आता नवल वाटतं.

तर ती प्लॅस्टर घेऊन आली, आणि टाइप करायला कोणीतरी हवं होतं. नवऱ्याचा टायपिंगचा वेग एका बोटाचा. मी आठवड्यातले तीन दिवस शॉमबर्गला ऑफिसात जाते, बाकी घरून काम करते. मी म्हटलं, मी करते. तिने क्षणभर विचार केला आणि हो म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी लगेच तिच्यावर ओरडले, मग असे कागद पसरून ठेवू नकोस.

अशी माझी त्या इतिहासकाराशी ओळख झाली. माणूस सिसिली बेटावरचा. तिथल्या हुकूमशहाने हाकलून दिलं म्हणून अथेन्सला आला आणि जवळजवळ पन्नास वर्षं तिथेच राहिला. राहून केलं काय, तर सोडून आलेल्या मुलखाचा इतिहास लिहिला. चाळीसेक खंड. मला तो लगेच ओळखीचा वाटला. परगावी पन्नास वर्षं बसून आपल्या गावाबद्दल बोलत राहणारे आमच्या मंडळात डझनभर आहेत. फरक इतकाच, की याने लिहून काढलं.

आणि त्यातलं एकही पुस्तक उरलं नाही. एकही नाही. जे आहे ते दुसऱ्यांच्या पुस्तकांत. पुढच्या काळातल्या कोणी आपल्या ग्रंथात लिहिलं, की अमका असं म्हणतो, तेवढीच त्याची ओळ वाचली. असे दीडशेच्या आसपास तुकडे. त्यातला मोठा वाटा त्याच्या एका शत्रूने जपलेला आहे. हा शत्रू शंभरेक वर्षांनी झाला, तोही इतिहासकार, आणि त्याने आपल्या इतिहासाचा एक अख्खा भाग याच्या नावाने खडे फोडण्यात खर्च केला. हा ग्रंथालयात बसून लढाया लिहितो, याने काही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, याला अक्कल नाही. प्रत्येक शिवीसोबत पुरावा म्हणून याचं एखादं वाक्य. त्या पुराव्यांतूनच हा बिचारा आज ओळखला जातो.

कामाची पद्धत अशी होती. ती खिडकीपाशी डावा पाय खुर्चीवर घेऊन बसायची, पुस्तकातून वाचून सांगायची, आणि मी एक्सेलमध्ये भरायची. एका तुकड्याला एक ओळ. कोणी सांगितलं, कुठे सांगितलं, त्याचं स्वतःचं म्हणणं कुठे संपतं आणि आपल्या माणसाचं कुठे सुरू होतं, आगेमागे काय बोललाय. ग्रीक मजकूर तिच्याकडे होताच, मी इंग्रजी आणि टिपा भरायची. संध्याकाळी जेवणाआधी दोन तास, शनिवारी सकाळी चार. एकदा एका मेजवानीची गोष्ट आली. काही तरुण घरात बसून इतके प्याले, की आपण वादळात सापडलेल्या जहाजावर आहोत असं त्यांना वाटायला लागलं, आणि जहाज हलकं करायला त्यांनी घरातलं सामान खिडकीतून रस्त्यावर फेकून दिलं. मी हसले, मग तीही हसली. दोघी एकाच गोष्टीला हसून किती वर्षं झाली होती ते मी त्या दिवशी मोजलं नाही, पण पुष्कळ झाली होती.

जानेवारीच्या सुरुवातीला ती तीन दिवसांसाठी गाइडला भेटायला गेली. जाताना म्हणाली, फक्त राहिलेल्या टिपा भर. बाकी कशाला हात लावू नकोस.

आता माझा धंदा सांगायला हवा. मी एका इन्शुरन्स कंपनीत डेटा साफ करते. डेटा येतो तो घाणेरडाच येतो. एकाच माणसाचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं असतं, पत्ते अर्धवट असतात, मधेच कोणीतरी रागाने काहीबाही टाइप केलेलं असतं. मी पाचाचं एक करते, कचरा काढते, मग वरच्या लोकांना तो दाखवता येतो. बावीस वर्षं हे केलंय आणि मी त्यात चांगली आहे. त्या तीन दिवसांत टिपा पहिल्याच संध्याकाळी भरून झाल्या. फाइल समोर उघडी. माझ्याच्याने बघवेना.

एका जुलमी राजाचा पितळी बैल होता म्हणतात. त्यात माणसं कोंडून खालून जाळ लावायचा. आपला इतिहासकार त्या बैलाबद्दल काय म्हणाला, हे तीन वेगवेगळे लोक सांगतात. दोघं म्हणतात, त्याने लिहिलं होतं की त्या शहरात असला बैल कधी नव्हताच. तिसरा म्हणतो, त्याने लिहिलं होतं की लोकांनी तो बैल समुद्रात बुडवला. मी दोन विरुद्ध एक असा हिशेब केला, सगळ्यात लांबलचक ओळ ठेवली आणि बाकीच्या दोन काढून टाकल्या. असं जिथे जिथे दिसलं तिथे केलं. मग शत्रूच्या शिव्या. त्यांचा काय उपयोग? आपल्याला हवाय तो या माणसाचा मजकूर, त्या चिडक्याची बडबड नाही. त्याही काढल्या. तिसऱ्या दिवशी फाइल अशी देखणी झाली, की मी नवऱ्याला बोलावून दाखवली. तो म्हणाला, बरं दिसतंय.

ती आली, चहा घेतला, लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ डाव्या हाताने वरखाली करत राहिली. मी शाबासकीची वाट बघत भांडी लावत होते.

"आई, बैलाच्या तीन रो होत्या."

मी म्हटलं, डुप्लिकेट होत्या, काढल्या. तिने विचारलं, आधीची कॉपी कुठे आहे? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी त्याच फाइलवर सेव्ह करत गेले होते. ऑफिसात मुलांना बॅकअपवरून झाप झाप झापणारी मी. तिच्याकडची कॉपी तीन आठवडे जुनी होती.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं, मला ओरडणाऱ्यांशी बोलता येतं. तिने शांतपणे समजावून सांगितलं. बैलाचं कोडं हे तिच्या तिसऱ्या प्रकरणाचं मूळ होतं. तिघांचं जुळत नाही, म्हणूनच तिघंही हवेत. एकाला तो आवडत नाही, दुसरा घाईत आहे, तिसऱ्याला बैलाशीच देणंघेणं आहे. कोण कसा वाकवतोय हे कळलं तरच मूळ माणूस काय म्हणाला असेल याचा अंदाज करता येतो. आणि शिव्या काढल्या तर वाकवणारा हातच दिसेनासा होतो. मग उरतं ते स्वच्छ असतं, पण कोणाचंच नसतं.

मी म्हटलं, मला काय माहीत, मी चांगल्यासाठीच केलं.

"माहितीय," ती म्हणाली. "माझंही तू असंच केलंस ना. काकूंना दाखवण्यासारखं तेवढं ठेवलंस, बाकीची मी डिलीट."

यावर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी चिडले. मी बोलले, की तू पण कधी तोंड उघडलं नाहीस, हो म्हणून रेझ्युमे मागून घेतलास. तिने मान हलवली आणि वर तिच्या खोलीत गेली. मी किचनमधली सगळी ड्रॉवर्स उपसून आवरली. आवरता आवरता राग उतरला आणि त्याच्या खाली जे होतं ते काही केल्या उतरेना. गुन्हेगार मीच होते, आणि ते सात वर्षं मला ठाऊकही होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून दोन आठवड्यांची अर्धी-अर्धी सुट्टी घेतली आणि तिला म्हटलं, चल, पहिल्यापासून. ती पुन्हा वाचून सांगायला लागली, मी पुन्हा भरायला लागले. या वेळी कशालाही हात लावला नाही. शत्रूची एकेक शिवी मी अक्षरन् अक्षर टाइप केली, आणि खरं सांगायचं तर मला त्यात रस यायला लागला. किती मन लावून चिडला होता तो माणूस. ज्याचं कोणाला काही वाटत नाही त्याच्यावर इतकी पानं कोण खर्च करतं? मी हे मुलीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, हे मी प्रस्तावनेत लिहिलंय, वाचलं नाहीस का? मी वाचलं नव्हतं. सात वर्षांत तिचं काहीच वाचलं नव्हतं. त्या रात्री नाही, पण शनिवारी दुपारी बसून मी प्रस्तावना वाचली. निम्मी कळली. चांगली वाटली.

काम पुरं झालं त्या आठवड्यात माझ्या घरचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दर वर्षी असतं. दारात स्नो बूट्सची रांग लागते, पैठण्यांच्या खाली लोकरीचे मोजे दिसतात, आणि जॅकेट्सचा ढीग आमच्या पलंगावर. मुलगी म्हणाली, मी दुपारी लायब्ररीत जाऊन बसते, तुम्हाला मोकळं होईल. मी म्हटलं, नाही, थांब. कशाला, ते सांगितलं नाही, कारण माझाच माझ्यावर भरवसा नव्हता.

पंधरा-सोळा जणी आल्या. सगळ्यांना हळदीकुंकू, तिळगूळ, वाण देऊन झालं. प्लेट्स फिरल्या. मुलाकडे राहायला आलेल्या एक मावशी आहेत, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी मुलीच्या प्लॅस्टरवर हात ठेवून विचारलं, मग आता तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या कामाचं कसं गं? मुलगी नेहमीसारखी म्हणायला लागली, चाललंय...

"मावशी, ती कॉम्प्युटरचं काही करत नाही," मी म्हटलं. हातातला वाणाचा ट्रे मी खाली ठेवला. मी सगळ्यांना सांगितलं, की ती ग्रीक शिकते, एका जुन्या इतिहासकारावर काम करते, पहिल्या दिवसापासून तेच करते आहे. डेटा सायन्स मी सांगितलं, इंटर्नशिपही मीच सांगितली, मला लाज वाटत होती म्हणून सांगितली. तिने कधी खोटं सांगितलं नाही. मी सांगितलं. आता तिची नाही, माझी लाज वाटते.

मला वाटलं होतं, कोणी तोंडावर हात नेईल, कोणी एकमेकींकडे बघेल. तसं काही झालं नाही. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

या देशात मला भेटलेली पहिली मैत्रीण नागपूरचीच. तिचा मुलगा मुलीच्याच युनिव्हर्सिटीत होता. ती सोफ्यावरून उठून माझ्याजवळ आली.

"अगं, आम्हाला माहितीय," ती हळू म्हणाली. "डिपार्टमेंटच्या पेजवर तिचा फोटो आहे ना. पाच वर्षं झाली."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ती माझ्या मुलीकडे बघायला लागली. मुलगी प्लेटमधल्या तिळाच्या वडीकडे बघत होती. मावशींना काहीच कळलं नव्हतं, त्या एकीला विचारत होत्या, ग्रीक म्हणजे कुठलं?

"मी तिला विचारलं होतं तेव्हाच," मैत्रीण म्हणाली. "तर म्हणाली, काकू, प्लीज आईला कळू देऊ नका तुम्हाला माहितीय ते. मग आम्ही सगळ्यांनी तेच धरून ठेवलं."

म्हणजे पाच वर्षं मी त्या घोळक्यात उभी राहून लेकीची नवी नवी प्रगती सांगत होते, आणि पंधराजणी ती ऐकून घेत होत्या, वा म्हणत होत्या, आणि कोपऱ्यात बसलेली माझी मुलगी "चाललंय छान" म्हणून माझं बोलणं खरं करत होती. मी आत जाऊन उगाच चहाचं पाणी ठेवलं. बायका थोड्या वेळाने नेहमीसारख्या बोलायला लागल्या. जाताना दोघीतिघींनी मुलीला विचारलं, काय लिहिलं होतं गं त्या माणसाने? ती बूट चढवणाऱ्या बायकांना दारात उभी राहून बैलाची गोष्ट सांगत राहिली, तिन्ही प्रकारे.

सगळ्या गेल्यावर मी तिला विचारलं, का नाही सांगितलंस मला? माझ्याशी बोलत नव्हतीस, रागावली होतीस, मग माझी कशाला काळजी केलीस?

ती एका हाताने कप गोळा करत होती. थांबली नाही.

"तुला लाज वाटली असती, आई. मग तू जायचं सोडलं असतंस. आणि तुला त्यांच्याशिवाय इथे कोण आहे?"

मी तिच्या हातातले कप घेतले. सात वर्षं मी समजत होते, की लोकांत मीच तिला सांभाळून घेते आहे.